उताराच्या जागेवरचं घर : दोरी कोणाच्या हातात?

(हिंगोली जिल्ह्यातल्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून आपण रेशनवर बोललो, दारूबंदीवर बोललो, पोटगीवर बोललो. आता मी उताराच्या जागेवर घर कसं आखायचं यावर बोलणार म्हटल्यावर काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. हे तर गवंड्याचं काम, बाईच्या शिबिरात कशाला? माझं म्हणणं एवढंच आहे की जे काम गवंड्याचं आणि घरधन्याचं म्हणून आपण सोडून देतो, त्याची मजुरी पुढची चाळीस वर्षं आपण भरतो. पाण्याचे हंडे, शेणाची टोपली, सरपणाचा भारा, कडेवरचं लेकरू हे सगळं घेऊन आपण किती चढायचं, किती उतरायचं, हे ज्या दिवशी जागेवर दोरी ताणली जाते त्या दिवशी ठरतं. त्या दिवशी आपण कुठे असतो? गवंड्यासाठी चहा करत असतो.

मी स्थापत्याची पदविका घेतलेली बाई आहे. आखणी, मोजणी, बांधकामावरची देखरेख हे माझं पोटापाण्याचं काम. किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामावर लातूर-उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) होते, आणि गेली काही वर्षं तुमच्या जिल्ह्यात कळमनुरी, औंढा, सेनगावकडच्या गावांत गटांबरोबर हिंडते. तिथे जे पाहिलं त्यावरून बोलते.

उतार कुणाच्या वाट्याला येतो?

तुमचा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीपासून वेगळा झाला. नकाशात बघितलं तर कयाधू आणि पूर्णेच्या काठची जमीन काळी, भारी, सपाट. वसमतची हळद पिकते ती या जमिनीत. उत्तरेला आणि औंढ्याकडे वळलं की डोंगर, माळ, मुरूम आणि काळा दगड. आता विचार करा, काळ्या सपाट जमिनीशेजारी, गावाच्या मध्यात, पाण्याजवळ कोणाचे वाडे आहेत? आणि माळाच्या उतारावर कोण राहतं? बंजाऱ्यांचे तांडे उतारावर. आंध आदिवासींच्या वाड्या उतारावर. बौद्ध वस्ती, मातंग वस्ती गावाच्या कडेला, जिथे गावाचं पाणी वाहून येतं तिथे. भाऊ वेगळे निघाले की धाकट्याला माळाकडची जागा. नवऱ्याने टाकलेल्या बाईला भावाने जागा दिलीच तर ती ओढ्याच्या कडेची. उताराची जागा स्वस्त असते कारण तिच्यावर बांधणं महाग पडतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच जास्त खर्चाचं बांधकाम.

त्यात वास्तुशास्त्राची भर. जागेचा उतार उत्तरेला किंवा पूर्वेला असला तर शुभ, दक्षिणेला किंवा पश्चिमेला असला तर अशुभ, असं सांगणारे गावोगाव फिरतात. आता डोंगराच्या दक्षिण अंगाला जी वस्ती वसली तिने काय करावं? डोंगर फिरवावा? आणि पुढे घरात आजारपण आलं, बैल मेला, तर जागेचा दोष म्हणत म्हणत गोष्ट येते कुणावर? सुनेच्या पायगुणावर. उताराला शुभ-अशुभ नसतं, बायांनो. उतार म्हणजे इतक्या फुटांत इतकं खाली, एवढंच. ते मोजता येतं. आणि मोजायला बाईला अडचण काही नाही.

नळीतलं पाणी खोटं बोलत नाही

मोजायचं कसं? पंचवीस-तीस हात लांब पारदर्शक नळी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तीत पाणी भरा, मधे हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एकीने एक टोक जागेच्या वरच्या कडेला धरायचं, दुसरीने दुसरं टोक खालच्या कडेला एका उभ्या काठीजवळ. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत येऊन थांबतं. वरच्या टोकाचं पाणी जमिनीपासून एक फुटावर ठेवलं आणि खालच्या टोकाला काठीवर ते सहा फुटांवर दिसलं, तर तुमची जागा पाच फूट उतरते. झालं. गवंडीही हेच करतो. आज दुपारी आपण शाळेच्या मैदानात करून बघणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. जागा चाळीस फूट बाय चाळीस फूट. रस्ता खालच्या अंगाला. वरपासून खालपर्यंत पाच फूट उतार, म्हणजे दर आठ फुटाला एक फूट. घर बांधायचं पंधरा फूट बाय तीस फूट, साडेचारशे चौरस फुटांचं.

आता हे तीस फुटांचं अंग कसं ठेवायचं? बरेच जण ते रस्त्याकडून डोंगराकडे, उताराच्या दिशेने ठेवतात, पुढून घर अरुंद आणि मागे लांब. एका मागे एक खोल्या, रेल्वेच्या डब्यासारख्या. मग घराखालीच जमीन पावणेचार फूट उतरते. वरच्या कोपऱ्याच्या पातळीला फरशी आणायची तर खाली सरासरी पावणेदोन-दोन फूट भर टाकावी लागते. हिशोब करा, साडेआठ ब्रासच्या आसपास मुरूम. तेच घर आडवं केलं, म्हणजे तीस फुटांचं अंग उताराला आडवं आणि पंधरा फूट उताराच्या दिशेने, तर घराखाली उतार पडतो पावणेदोन-दोन फुटांचा, आणि भर लागते चार ब्रासच्या थोडी वर. निम्मी! घर तेवढंच, खोल्या तेवढ्याच. फक्त दोरी आडवी धरली. शिवाय आडव्या घराला प्रत्येक खोलीला पुढून आणि मागून उजेड-वारा मिळतो. डब्यासारख्या घरात शेवटचा अंधारा डबा कुणाचा असतो? स्वयंपाकाचा.

डोंगरातल्या शेतावर पाणी अडवायला आपण उताराला आडवे बांध घालतो. समपातळीत. पाणलोटाच्या कामावर गेलेल्या बायांना हे मी शिकवायला नको. घरही तसंच आडवं घालायचं.

"जेसीबी लावून सपाट करून टाकू, दोन तासांचं काम," असं घरातले पुरुष म्हणतात. जेसीबी वरच्या बाजूला कापतो आणि तोच मुरूम खालच्या बाजूला लोटतो. दिसायला जागा सपाट. पण अर्धी जागा कच्च्या भरावाची झाली, आणि पाठीशी उघडी दरड उभी राहिली, जिच्यावर शेजारणीच्या घराचा पाया आहे. पहिल्या पावसाळ्यात दरड ढासळते, भराव बसतो, भिंतीला तिरपी चीर पडते. म्हणून एकदम खोल कापू नका. जागेचे टप्पे करा. वर थोडं कापा, खाली थोडं भरा, आणि काहीही झालं तरी पाया भरावावर ठेवू नका. भराव कितीही चोपला तरी पाया त्याच्या खाली, मूळच्या कठीण मुरमात किंवा दगडात गेला पाहिजे. काळी माती लागली तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, तिच्यातून खाली मुरमापर्यंत जायचं. पाया उतारावर तिरपा खणायचा नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी सपाट खणायचा. पाया खणताना आपण स्वतः खड्ड्यात उतरून बघायचं. गवंडी "पक्कं आहे बाई" म्हणेल. पहार मारून बघा. खणकन वाजली तर पक्कं.

तीन कळसूबाया

आता आपल्या चाळीस फुटांच्या जागेत मांडणी करू. वरची पाच फुटांची पट्टी मोकळी, पाण्याच्या चरासाठी आणि घरामागून फिरण्यासाठी. मग पंधरा फूट घर. मग पंधरा फूट अंगण. खालची पाच फूट रस्त्याच्या कडेला. घराची फरशी रस्त्यापेक्षा साधारण साडेचार फूट वर आली.

सरकारी नळयोजनेची तोटी कुठे बसते? पाईप टाकणाऱ्याला जवळ पडेल तिथे, रस्त्याच्या कडेला, सगळ्यात खाली. चूल कुठे? सगळ्यात वर. दिवसाला दहा हंडे धरा. भांडी, धुणं, अंघोळी, जनावरं, दहा काही जास्त नाहीत. दहा वेळा साडेचार फूट म्हणजे रोज चव्वेचाळीस-पंचेचाळीस फूट चढ, डोक्यावर पाणी घेऊन. वर्षाला सोळा हजार फूट. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते समुद्रापासून पाच हजार चारशे फुटांवर आहे. म्हणजे दर वर्षी तुम्ही समुद्रापासून निघून जवळजवळ तीनदा कळसूबाई चढता, हंडा घेऊन. आणि घरात विचारलं तर उत्तर येतं, "आमची बायको काही करत नाही, घरीच असते."

वीस-पंचवीस फूट पाईप जास्त टाकला आणि तोटी न्हाणीच्या दाराशी आणली तर हे तीन डोंगर संपतात. पाण्याला जोर कमी असेल तर खाली टाकी आणि छोटी मोटर. तेही जमत नसेल तर पावसाळ्यापुरतं तरी छपराचं पाणी वरच्या पिंपात घ्या. घरात मोटारसायकल घ्यायला पैसे निघतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पाईपला निघत नाहीत, कारण चढणारे पाय घरधन्याचे नसतात.

म्हणून माझा नियम असा : रोज दहा वेळा ज्या कामासाठी उठावं लागतं ती सगळी कामं एका पातळीत. चूल, पाणी, न्हाणी, धान्याचं कोठार, संडास, हे सगळं फरशीच्या पातळीला. पायऱ्या करायच्या त्या या कामांच्या मधे नाही, घर आणि अंगणाच्या मधे, एकदाच. आपल्या उदाहरणात चार पायऱ्या येतात. पायरी सहा इंच उंच, एक फूट रुंद, आणि धरायला एका बाजूला कठडा. नऊ महिने भरलेल्या पोरीला, गुडघे धरलेल्या सासूबाईंना आठ-नऊ इंचांची पायरी म्हणजे शिक्षाच. घरात चालता न येणारं माणूस असेल तर पायऱ्यांशेजारी उतरण करा. फुटाला बारा फूट लांबी लागते तिला, दोन फूट चढायला चोवीस. आडव्या घराच्या पुढून ती घराला लागून सहज बसते.

अंगण सपाट हवं. त्याच्या खालच्या कडेला दोन फुटांची दगडी पौळ घालून मुरूम चोपून घ्या. हे मी शोभेसाठी सांगत नाही. हळद उकडून आली की दहा-पंधरा दिवस ऊन द्यायला कुठे पसरता? सोयाबीन, तूर कुठे झोडता? उतरत्या अंगणात हळद ओघळते, अवकाळी पावसाचा शिंतोडा आला की पाणी तिच्याखालूनच वाहतं. बाजारात भाव पडला की पुरुष व्यापाऱ्याला बोल लावतात, आणि घरी आल्यावर आपल्याला : "नीट वाळवली नाही." घराच्या नकाशावर अभियंते बैठक, शयन, स्वयंपाक अशी नावं लिहितात. वाळवण, झोडणी, निवडण्याची जागा कुठल्याच नकाशावर नसते, कारण ते काम कुणी मोजतच नाही.

पाणी जातं कुठे, मैला जातो कुठे

उतारावर घराचा खरा शत्रू वरून येणारं पाणी. मागच्या पट्टीत घराला आडवा चर काढा, दोन्ही बाजूंना उतरता, आणि घराच्या कडेने खाली गटारापर्यंत न्या. हा चर फरशीपेक्षा खाली हवा आणि दर मृगाच्या आधी साफ हवा. माती अडवणारी भिंत आणि घराची भिंत एक करू नका. मागे दरड धरायची असेल तर तिची वेगळी दगडी भिंत, डोंगराकडे किंचित कललेली, आणि सिमेंटमध्ये बांधली तर तळाशी पाणी निघायला भोकं ठेवलेली. भोकं नसली की पाणी मागे साचतं आणि भिंत पोट काढते.

आणि हे पाणी खालच्या बाईच्या घरात सोडायचं नाही. वरच्या आळीचं सांडपाणी खालच्या वस्तीत, हे आपल्या गावांत पिढ्यानपिढ्या चाललं आहे, आणि वरची आळी कुणाची आणि खालची कुणाची हे सांगायला नको. आपण बाया म्हणून एकत्र बसतो तेव्हा हा हिशोबही मांडला पाहिजे. चार घरांचा मिळून एक चर काढला, ग्रामसभेत ठराव करून तो गटाराला जोडला, तर भांडणाचं मूळच जातं.

संडासाबद्दल मात्र उतार आपल्या बाजूने आहे. बहुतेक ठिकाणी संडास जागेच्या पार टोकाला, खाली, अंधारात बांधतात, खड्डा लांब हवा म्हणून. अहो, लांब हवा तो खड्डा. संडास कशाला लांब? उतारावर पाईप आपोआप खाली उतरतो. संडास न्हाणीला लागून, फरशीच्या पातळीत ठेवा, आणि दोन शोषखड्डे खालच्या पट्टीत, एकमेकांपासून निदान मीटरभर अंतर सोडून. एक भरला की दुसरा चालू, पहिल्याचं वर्ष-दोन वर्षांत खत होतं. खड्डे विहिरीपासून, हातपंपापासून जितके लांब तितके बरे, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला तर कधीच नाहीत. रात्री दोन वाजता पोरीला जायचं असलं तर आईला उठवावं लागू नये, बॅटरी शोधावी लागू नये, कुणाच्या नजरेची भीती वाटू नये, इतकं साधं हे मागणं आहे.

जमीन हलते तेव्हा

इथे बसलेल्यांपैकी वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या बायांना मी काय नवं सांगणार? पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून आवाज येतात, हे तुम्ही कितीतरी वर्षं ऐकता. २१ मार्च २०२४ ला पहाटे दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा. १० जुलै २०२४ ला सकाळी पुन्हा ४.५. परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. त्या दिवशी चुलीपुढे कोण होतं?

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी काही मिनिटं झाला. गणपती विसर्जनाची रात्र. माणसं गाढ झोपेत होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाने नाही मारलं त्यांना, घरांनी मारलं. दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, आत आणि बाहेर दोन थर, मधे माती-कपच्यांची भर, आणि वर दोन फूट मातीचं धाबं. हादऱ्याने भिंतीचे थर सुटे झाले आणि धाबं खाली आलं. तशाच भिंती, तसंच माळवद तुमच्या गावात आजही आहे.

उपाय माहीत नाहीत असं नाही. दगडी भिंतीत जागोजाग आरपार जाणारा लांब दगड, म्हणजे दोन थर बांधले जातात. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली, सळई घातलेल्या काँक्रीटचा पट्टा, चारी भिंतींवरून न तुटता फिरलेला. कमरपट्टा समजा. कोपऱ्याला लागून दार-खिडकी नको. धाब्यावर दरवर्षी मातीचा थर चढवणं बंद. उताराच्या जागेवर आणखी एक : पुढच्या बाजूला उंच खांब, मागच्या बाजूला आखूड खांब आणि वर घर, असं काही जण शहरात बघून करतात, खाली गाडी लावायला. हादरा बसला की आखूड खांबांवर सगळा जोर येतो आणि ते आधी तुटतात. आपल्याकडे ते नको. घर जमिनीला टेकलेलं बरं. आणि पुढचं अंगण मोकळं ठेवा, कारण हादरा बसल्यावर धावून जायचं ते तिथेच. स्वयंपाकघराला बाहेर पडायचं स्वतःचं दार हवं. एकच दार, तेही बैठकीतून, असं घर भूकंपातही धोक्याचं आणि दारू पिऊन आलेला माणूस दारात उभा असला तरी धोक्याचं.

किल्लारीने आणखी एक धडा दिला. बावन्न गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, सारखे चौकोन. घर किती मोठं द्यायचं हे ठरलं जमिनीवरून : कमी जमीन किंवा भूमिहीन असेल तर अडीचशे चौरस फूट, मग चारशे, मग साडेसातशे. आणि जमीन असते कोणाच्या नावावर? बाईच्या श्रमाचं माप त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. पुढे अशा नव्या घरांत राहणाऱ्या बायांनी मला सांगितलं, "घर पक्कं हाय बाई, पर शेळी कुठं बांधावी? चूल बाहीरच मांडली." आतल्या ओट्यावर धान्याची पोती आणि बाहेर पत्र्याच्या आडोशाला चूल.

दुरुस्तीच्या गावांत मात्र वेगळं घडलं. तिथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावागावांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. या बाया घरोघर जाऊन सांगत : भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, पट्टा का हवा, सरकारी पैशाचा हप्ता कधी आला, अभियंता आला की नाही. आधी गवंडी हसले. मग बाया सिमेंटच्या गोण्या मोजायला लागल्या, वाळूत माती आहे का हे मुठीत धरून बघायला लागल्या, तेव्हा हसू थांबलं. त्यातल्या कितीतरी जणी पुढे बचत गटात, ग्रामपंचायतीत गेल्या. ज्या बाईने घराचं काम तपासलं तिला गावाच्या रस्त्याचं काम तपासायला भीती वाटत नाही.

दोरी आणि कागद

शेवटचा मुद्दा नावाचा. चर काढला, पट्टा घातला, तोटी वर आणली, आणि उद्या नवऱ्याने "माझ्या घरातून चालती हो" म्हटलं, तर ही सगळी आखणी दुसरीसाठी केली असं होईल.

ग्रामपंचायतीचा नमुना आठ तुम्ही बघितला आहे का? घराची नोंद त्यात असते. नवरा-बायको दोघांच्या नावे घराची नोंद करावी, असं महाराष्ट्र शासनाने २००३ साली सांगितलं. ग्रामसेवकाकडे दोघांनी अर्ज द्यायचा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचं असतं. विधुर, अविवाहित, विभक्त पुरुष असे काही अपवाद. त्या घरकुलाचं माप निदान पंचवीस चौरस मीटर, स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेसकट. आणि त्यात ठेकेदार नेमायचा नसतो, लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. म्हणजे दोरी कशी धरायची हा तुमचा अधिकार आहे. "नकाशा वरून आलाय" असं कुणी म्हणालं तर तो कागद मागा.

२०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत. तुमच्या गावात चौकशी होईल त्या दिवशी घरात बसू नका. हद्द दाखवायला आणि नाव सांगायला स्वतः उभ्या राहा. कागदावर एकदा एकच नाव चढलं की दुसरं चढवायला चपला झिजतात. आणि ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांनीही घाबरून घर सोडू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, घर कोणाच्याही नावावर असो, जिथे नांदलात तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. कायद्याबाहेर कुणी काढू शकत नाही.

एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींसाठी, विधवा, परित्यक्तांसाठी, एक वेगळं सांगते. तुमच्या वाट्याला ओढ्याकाठची, सगळ्यात वाईट उताराची जागा आली असेल, तर घर लहान बांधा पण वरच्या अंगाला बांधा, ओढ्याच्या कडेला परसबाग करा. आणि जागा ताब्यात घेण्याआधी गटातल्या चारजणींना घेऊन एकदा भर पावसात तिथे उभ्या राहा. पाणी कुठून येतं ते त्या वेळी दिसतं, उन्हाळ्यात जागा दाखवणारा ते दाखवत नाही.

दुपारच्या सत्रात दहा-दहा जणींचे गट करू. प्रत्येक गटाला एक नळी, दोन काठ्या, मोजपट्टी, दोरी आणि चुन्याची फक्की मिळेल. मैदानाचा वरचा कोपरा आणि खालचा कोपरा यांतलं अंतर काढायचं, मग पंधरा बाय तीसचं घर फक्कीने आखायचं, आडवं. त्यात चूल, न्हाणी, संडास, तोटी आणि हळद वाळवायची जागा प्रत्येकीने स्वतः दाखवायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मोजपट्टीऐवजी हाताने, पावलाने मोजावं, चालतं. गावी परत गेलात की पहिल्यांदा आपल्याच घराच्या पायऱ्या मोजा, दिवसात किती वेळा चढता ते मोजा, आणि तो आकडा घरात जेवताना सगळ्यांसमोर सांगा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला आकडा घेऊन यायचं, आणि नमुना आठचा उतारा घेऊन यायचं. तिथून पुढचं बोलू.